समीकरणे ‘चुटकीसरशी’ सुटण्याविषयी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत नुकत्याच आलेल्या एका छोट्या टिपणात असे विधान होते की, नव्या पिढीचे संगणक हाती आले म्हणजे कितीही चलांची आणि कितीही कोटीची (म्हणजे चलांचे कितीही मोठे घात असलेली) समीकरणे चुटकीसरशी सुटतील, आणि आज त्यांना जो वेळ लागतो तो केवळ यंत्रे संथ असल्यामुळे लागतो. मी ग्वाल्हेरच्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे बीजगणित शिकवते. दुसऱ्याच दिवशी शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरातल्या एका विद्यार्थ्याने त्या टिपणाचा फोटो मोबाइलवर पुढे केला आणि, वर्गात हिंदी चालत असूनही मुद्दाम मराठीत, “मग मॅडम, चलांचा लोप करायला आपण शिकतोय कशाला?” असे विचारले. त्याला जे सांगितले ते तासाच्या घंटेमुळे अर्धवट राहिले. उरलेले आपल्या वाचकांसमोर ठेवावे म्हणून हे पत्र. माझी हरकत त्या टिपणातल्या ‘कितीही’ या एका शब्दाला आहे.

दहावीला आपण दोन चलांची एकसामयिक समीकरणे सोडवतो, त्यांत चलांचा वर्ग किंवा परस्परांशी गुणाकार नसतो. अशा रेषीय समीकरणांपुरते टिपणकाराचे म्हणणे चालून जाईल. एकेक चल काढून टाकण्याची जी रीत गाउसच्या नावाने ओळखली जाते तिला साधारण चलांच्या संख्येच्या घनाइतक्या क्रिया पुरतात, म्हणजे १००० चले असली तर १०० कोटींच्या आसपास, आणि एवढे काम आजचा साधा लॅपटॉप सहज उरकतो. चले दुप्पट केली तर काम आठपट होते, त्याहून अधिक नाही. पण समीकरणात एखादा वर्ग किंवा दोन चलांचा गुणाकार शिरला की हिशेबाची जातच बदलते.

आमच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातला शिलालेख शून्याच्या गोल खुणेसाठी जगभर ठाऊक आहे. त्यात २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशा फुलबागेच्या जमिनीचा उल्लेख येतो आणि २७० मधले शून्य अगदी आजच्यासारखे गोल आहे. वर्गात मी हीच बाग उलटी करून देते : लांबी आणि रुंदी मिळून ४५७ हात, क्षेत्रफळ ५०,४९० चौरस हात, तर बाजू सांगा. एक समीकरण पहिल्या कोटीचे, दुसरे दुसऱ्या. ४५७ च्या वर्गातून क्षेत्रफळाची चौपट वजा केली की ६,८८९ उरतात, त्याचे वर्गमूळ ८३, आणि २७० व १८७ हाती येतात. पण मुले हमखास विसरतात ती दुसरी उकलही येते, जिच्यात लांबी १८७ आणि रुंदी २७० असते. समीकरणांना बाग उभी की आडवी ते कळत नाही. कोटींचा गुणाकार एक गुणिले दोन, म्हणून उकली दोन. हा नियम फ्रेंच गणिती एत्येन बेझू यांनी १७७९ साली ग्रंथरूपाने मांडला : जितकी चले तितकी समीकरणे असतील आणि उकलींची संख्या मर्यादित असेल, तर ती कोटींच्या गुणाकारापेक्षा जास्त होत नाही, आणि संमिश्र संख्या (ज्यांत ऋण संख्यांची वर्गमुळेही येतात), अनंतावरच्या उकली व एकाच उकलीची पुनरावृत्ती असे सगळे मोजले तर बरोबर तेवढीच भरते.

आता प्रत्येक समीकरण दुसऱ्या कोटीचे घ्या. १० चलांना १,०२४ उकली, २० चलांना १०,४८,५७६, आणि ३० चलांना १,०७,३७,४१,८२४. प्रश्न एका कागदावर मावतो आणि उत्तर मात्र शंभर कोटी ओळींचे. ‘सगळ्या उकली द्या’ अशी मागणी असेल तर यंत्राने विचार करण्यात शून्य वेळ घेतला तरी नुसते उत्तर उतरवून काढण्यात चलांच्या संख्येनुसार दुपटीदुपटीने वेळ वाढणारच, आणि हा खर्च कोणत्याही पिढीच्या संगणकाला चुकणार नाही, कारण तो यंत्राचा नसून उत्तराच्या लांबीचा आहे.

मग कोणी म्हणेल, सगळ्या नकोत, एक उकल आहे की नाही एवढेच सांगा. उत्तर तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे. खरी मौज इथे आहे. आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात कार्यकर्त्यांच्या पाळ्या लावण्याचे काम एका वर्षी माझ्याकडे आले होते. प्रत्येकाला एक चल द्या. सकाळची पाळी असेल तर १, संध्याकाळची असेल तर ०. चलाची किंमत याखेरीज दुसरी असू नये यासाठी ‘चलाचा वर्ग बरोबर तेच चल’ असे एकच समीकरण पुरते, कारण असा गुण फक्त ० आणि १ यांच्यात आहे. पेटीवाले, तबलजी आणि प्रसादाचे काका यांपैकी एक तरी सकाळी हवाच, ही अट झाली (१ − प)(१ − त)(१ − क) = ०. ज्या दोघांचे आपसात पटत नाही त्यांना वेगवेगळ्या वेळी ठेवायचे, तर दोन्ही चलांची बेरीज १. अशी अटींमागून अट समीकरणात उतरते. वर तीन कंसांचा गुणाकार आला तरी मधे नवी चले घेऊन त्याची कोटी दोनपर्यंत खाली आणता येते. कार्यकर्ते ४० असले तर पाळ्या लावण्याचे प्रकार सुमारे १ लाख १० हजार कोटी. कोणी पाळ्यांची तयार यादी आणून दिली तर ती सगळ्या अटींत बसते का हे पाच मिनिटांत तपासता येते. यादी शोधून काढणे मात्र निराळे प्रकरण. (त्या वर्षी शेवटी दोन अटी मी गुपचूप गाळल्या, आणि एका आरतीला पेटी वाजली नाही.)

स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये आणि रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये जे दाखवले त्याचा सारांश असा की, अशा ‘तपासायला सोप्या, शोधायला अवघड’ प्रश्नांचे एक मोठे कुटुंब आहे आणि त्यातल्या काही सदस्यांपैकी एकालाही जर सर्व प्रसंगी चालणारी झटपट रीत सापडली तर ती उरलेल्या सर्वांना लागू पडते. ० आणि १ या दोनच किमतींची वर्गसमीकरणे हा अशा सदस्यांपैकी एक. म्हणजे वेळापत्रके, वाहतुकीचे मार्ग, कोडी, सगळ्यांचे घोडे एकाच खुंटाला बांधलेले आहे. अशी झटपट रीत असूच शकत नाही हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे; २००० साली अमेरिकेतल्या क्ले गणित संस्थेने ज्या सात प्रश्नांना प्रत्येकी १० लाख डॉलरचे बक्षीस लावले त्यांपैकी हा एक आहे आणि ते बक्षीस अजून कोणी नेलेले नाही.

टिपणात क्वांटम संगणकाचा ओझरता उल्लेख होता, म्हणून त्याविषयी दोन वाक्ये. लव ग्रोवर यांच्या १९९६ सालच्या रीतीने असे यंत्र एखाद्या ढिगातली हवी ती वस्तू ढिगाच्या आकाराच्या वर्गमुळाइतक्या पावलांत शोधू शकते, आणि केवळ चाचपडत शोधायचे असेल तर याहून कमी पावलांत ते जमत नाही हेही सिद्ध झाले आहे. वर्गमूळ ही मोठीच बचत आहे, पण १०० चलांच्या प्रश्नात २ च्या शंभराव्या घाताचे वर्गमूळ म्हणजे २ चा पन्नासावा घात. चले दुप्पट केली की आपण पुन्हा होतो तिथेच.

आता सर्वसाधारण बहुपदी समीकरणांची, म्हणजे ज्यांत चलांना कोणतीही संमिश्र किंमत घेता येते त्यांची गोष्ट, जी मला अधिक जवळची आहे. ऑस्ट्रियाच्या ब्रूनो बुखबर्गर यांनी १९६५ च्या आपल्या प्रबंधात एक रीत दिली आणि आपले गुरू ग्रोब्नर यांचे नाव तिच्या फलिताला दिले. दोन बहुपदी घ्यायच्या, त्यांची अग्रपदे (ठरवलेल्या क्रमात सर्वांत पुढची पदे) एकमेकांना खोडतील अशा गुणकांनी गुणून वजाबाकी करायची, जे उरेल त्याला आधीच्या सगळ्यांनी भागायचे, आणि तरीही शेष उरला तर तो नवी बहुपदी म्हणून यादीत घालायचा. यादी वाढते, जोड्या वाढतात, पण हा खेळ केव्हातरी संपतो याची सिद्धता आहे. संपल्यावर समीकरणे अशी पायऱ्यापायऱ्यांची होतात की शेवटचे एकाच चलाचे, त्याच्या वरचे दोन चलांचे, असे उलट चढत जाता येते. निदान पदांचा क्रम शब्दकोशासारखा लावला तर.

‘केव्हातरी’ हा शब्द मात्र फसवा आहे. माझ्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी एक दिसायला अत्यंत देखणी प्रणाली घेतली होती. पाच चले अ, ब, क, ड, इ एका वर्तुळात मांडलेली; त्यांची बेरीज शून्य; शेजारच्या दोन-दोनांच्या गुणाकारांची बेरीज शून्य (अब + बक + कड + डइ + इअ = ०); मग सलग तीन-तीनांच्या, चार-चारांच्या गुणाकारांची बेरीज शून्य; आणि शेवटी पाचांचा गुणाकार १. बेझूच्या हिशेबाने १ × २ × ३ × ४ × ५, म्हणजे १२० उकलींची मर्यादा. प्रत्यक्षात निघतात ७०. सहा चलांना मर्यादा ७२०, उकली १५६. सात चलांना मर्यादा ५,०४० आणि उकली ९२४. चारच चले घेतली तर उकली अनंत, आणि याचा पडताळा वाचक पाकिटाच्या पाठीवर पाहू शकतात : अ कोणतीही शून्येतर संख्या घ्या, ब म्हणजे १ भागिले अ, आणि उरलेल्या दोन जागी −अ व −ब. चाराला अनंत आणि पाचाला ७०. तेव्हा चले कमी म्हणजे प्रश्न सोपा हा समजही फार ताणू नये.

तिने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने पाच चलांचे काम बिनतक्रार केले. सहा चलांना आम्ही मधल्या सुट्टीचा डबा खाऊन आलो तोवर झाले. सात चलांचे तिने शुक्रवारी संध्याकाळी लावले आणि लॅबच्या भैयांना मशीन बंद न करण्याची तीनतीनदा विनंती करून घरी गेली. शनिवारी सकाळी पडद्यावर ‘मेमरी संपली’ एवढीच ओळ होती, आणि नोंदींच्या फाइलमध्ये शेवटी शेवटी तयार झालेल्या बहुपदींचे सहगुणक होते, ज्यांतला एकेक अपूर्णांक अंश आणि छेद मिळून पडद्याच्या कित्येक ओळी व्यापत होता. मूळ प्रश्नात ० आणि १ खेरीज एकही अंक नाही आणि मधल्या वाटेत हे असले राक्षस. पोरीचे डोळे भरून आले होते. वेळ संपला नव्हता, रात्र बरीच शिल्लक होती. जागा संपली होती. एर्न्स्ट मायर आणि आल्बर्ट मायर (आडनावांचे उच्चार जवळपास सारखे, स्पेलिंग वेगवेगळे) यांनी १९८२ मध्ये नेमके हेच टोकापर्यंत नेऊन दाखवले होते : दिलेली बहुपदी इतर काही बहुपदींपासून तयार होते का, या प्रश्नाची अशी उदाहरणे रचता येतात की कोणतीही रीत वापरली तरी लागणारी मेमरी घातांकी वेगाने वाढते आणि मधल्या बहुपदींची कोटी घातांकाच्या घातांकाने. हे अनुमान नाही, सिद्धता आहे. तिथे बक्षिसाची वाट पाहण्यासारखे काही उरलेले नाही. उकली मर्यादित असतात तेव्हा परिस्थिती इतकी भयंकर नसते, एकेरी घातांकावर भागते, पण लॅबमधले आठ जीबीचे मशीन गुदमरायला तेवढे पुरे.

त्या प्रकल्पाचा शेवट मात्र गोड झाला आणि त्यात यंत्र बदलावे लागले नाही. तिने दोन गोष्टी केल्या. पदांचा क्रम शब्दकोशासारखा न ठेवता आधी एकूण कोटी पाहून लावला, आणि सहगुणक अपूर्णांकांत न ठेवता ३२,००३ या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाकीत ठेवले, म्हणजे एकही सहगुणक पाच अंकांपेक्षा मोठा होऊ शकत नाही. जर्मनीतल्या कैझरस्लाउटर्नला तयार झालेला सिंग्युलर नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम तिने त्याच मशीनवर चालवला आणि चहा यायच्या आत ९२४ हा आकडा पडद्यावर होता. उकलींच्या नेमक्या किमती त्यातून मिळत नाहीत, मोजदाद मिळते. पण तिला मोजदादच हवी होती. प्रश्न नेमका काय आहे हे ठरवल्यावर काम हजारो पटींनी हलके झाले.

इथे एक स्थानिक आठवण काढल्यावाचून राहवत नाही. १९३० साली उज्जैनला जन्मलेले आणि आमच्या ग्वाल्हेरला वाढलेले श्रीराम अभ्यंकर हे विसाव्या शतकातल्या बैजिक भूमितीतले, म्हणजे समीकरणांतून आकृत्या अभ्यासणाऱ्या शाखेतले, मोठे नाव. चलांचा लोप करण्याच्या जुन्या रीती या विषयातून हद्दपार व्हाव्यात असा सूर फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांच्यासारख्या धुरंधराने लावला असताना अभ्यंकरांनी उलट त्या रीतींची बाजू घेतली, त्यावर इंग्रजीत कविता केली, आणि शाळेतल्या बीजगणितात अजून पुष्कळ दम आहे असे ते जन्मभर सांगत राहिले. संगणक आल्यावर त्याच रीती नव्या कपड्यांत परत आल्या. टिपणाचा फोटो दाखवणाऱ्या मुलाच्या प्रश्नाला हे माझे पहिले उत्तर होते, आणि ते ऐकून तो निदान गप्प बसला.

उकली पूर्णांकांतच हव्यात असा आग्रह धरला तर मात्र अवघडपणाचीही हद्द ओलांडली जाते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ६१ गुणिले एक वर्ग अधिक १ बरोबर दुसरा वर्ग, हे समीकरण चक्रवाल रीतीने सोडवले. त्याची सर्वांत लहान उकल २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ आहे. इतक्या साध्या प्रश्नाला इतके मोठे सर्वांत लहान उत्तर! या विशिष्ट जातीच्या समीकरणांना तरी रीत आहे. जर्मन गणिती हिल्बर्ट यांनी १९०० साली अशी कोणतीही बहुपदी समीकरणे पूर्णांकांत सुटतात की नाही हे ठरवणारी सार्वत्रिक रीत मागितली, आणि १९७० मध्ये यूरी मातियासेविच यांनी, डेव्हिस, पटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांच्या कामाच्या पायावर, अशी रीत असूच शकत नाही हे सिद्ध केले. संथही नाही आणि जलदही नाही, रीतच नाही. क्वांटम संगणक जे करतो ते साधा संगणक कितीही रखडत का होईना करू शकतो, त्यामुळे तोही इथे काही वेगळे दिवे लावणार नाही.

याचा अर्थ बहुपदी समीकरणे सुटत नाहीत असा कोणी काढू नये; तो उलट्या बाजूचा अतिरेक होईल. सहा सांध्यांच्या यंत्रहाताचा पंजा ठरावीक जागी, ठरावीक दिशेला न्यायचा तर सांधे कसे वळवावेत, हा बहुपदींचाच प्रश्न आहे. त्याच्या उकली सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त १६ असतात आणि कारखान्यांत तो दिवसभर सुटत असतो. स्टीव्ह स्मेल यांनी पुढच्या शतकासाठी काढलेल्या प्रश्नांच्या यादीत सतरावा प्रश्न असा होता की, संमिश्र संख्यांतली एकच उकल, तीही अंदाजे आणि सरासरीने पाहता, झटपट काढता येईल का. पुष्कळांच्या हातून टप्प्याटप्प्याने पुढे सरकत त्याचे उत्तर ‘हो’ आले, आणि नाणेफेकीचा आधारही न घेणारी रीत प्येर लेरेझ यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. जिची उकल ठाऊक आहे अशा प्रणालीपासून निघून ती हळूहळू आपल्या प्रणालीकडे सरकवत न्यायची आणि उकलीचे बोट सोडायचे नाही, अशी ही चाल आहे. एकच, अंदाजे, सरासरीने : या तीन सवलतींवर सगळा फरक पडतो.

आणि ‘अवघड’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठीही एक उदाहरण आहे. वर्गसमीकरणांच्या याच अवघडपणावर भिस्त ठेवून रेनबो नावाची डिजिटल सहीची पद्धत बांधली गेली. क्वांटम संगणकालाही दाद देणार नाही अशा सह्या निवडण्याच्या अमेरिकी प्रमाण संस्थेच्या स्पर्धेत ती अखेरच्या टप्प्यापर्यंत पोहोचली. २०२२ मध्ये वार्ड बोयलेन्स यांनी तिच्या एका ठरावीक मापाची गुप्त किल्ली साध्या लॅपटॉपवर सरासरी ५३ तासांत काढून दाखवली. सरसकट समीकरणे अवघड असली तरी सहीसाठी रचलेल्या समीकरणांत रचणाऱ्याने ठेवलेली एक चोरवाट असते, आणि ती वाट इतरांनाही सापडू शकते.

तेव्हा विनंती एवढीच की, असे टिपण पुन्हा छापताना चले कोणत्या संख्यांतली, उकल एक हवी की सगळ्या, आणि नेमकी की अंदाजे, एवढे त्यात यावे. दोन ओळी वाढतील. ‘कितीही’ या शब्दाची दुरुस्ती पुढच्या अंकात कोपऱ्यात छापली तरी चालेल. त्या मुलाने ती दाखवल्यास आमच्या वर्गाच्या फलकावर लावीन.

कळावे,
आपली,
बीजगणिताची एक शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर